दुखलं असतं तर

दुखलं असतं तर धावलो असतो.
दाढ ठणकली तेव्हा रात्री दोनला
खेतवाडीतल्या डॉक्टरचं शटर बडवलं होतं मी.
हे तर नुसतं विझलं,
ब्लेड गालावर असताना,
मंगळवारी, नऊ वाजून दहा मिनिटांनी.
उजवा डोळा झाकून पाहिला,
तर न्हाणीघरच गेलं:
आरसा, नळ, फेस लावलेला मी.

हेमलता म्हणाली, उष्णता असेल.
गुलाबपाण्याची पट्टी ठेवली, म्हणाली पडा जरा.
पडलो. आणि चक्क डोळा लागला.
झोपेला आपण असं का म्हणतो
यावर नंतर मी बरेच दिवस अडून राहिलो.

मंगळदास मार्केटच्या गोदामात एकतीस वर्षं
थान उलगडून दोष शोधतोय मी.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली गाठ.
शंभर मीटर पॉपलिनमध्ये खसखशीएवढी गाठ असो,
बोटाला कळते.
शेठ गिऱ्हाइकांना सांगतो,
आमचे राऊत डोळ्यांत तेल घालून बघतात.

उठलो, तरी तसंच.
चष्म्याच्या दुकानातला पोरगा म्हणाला, खालची ओळ वाचा.
म्हटलं, पाटीच दिसत नाही रे.
तो गप्प झाला. मग म्हणाला, काका, टॅक्सी करा. आत्ता.
मी बसनं गेलो.
पासाचे पैसे भरलेले होते.

केसपेपरची रांग. दुसऱ्या मजल्यावरची रांग.
थेंब घालून बाहुली मोठी व्हायची वाट बघणं.
शेजारची बाई मोतीबिंदूची, डबा उघडून मला भाकरी देत होती,
आणि मी घेतली, आभार मानले, सावकाश खाल्ली.

डॉक्टर निलोफर, वय फार तर सव्वीस,
उजेड टाकून बराच वेळ आत बघत राहिली.
कधी गेलं? नक्की किती वाजता?
मी सांगितलं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मेंदूच्या वॉर्डात फोन लावला.
मला ऐकू आलं ते एवढंच:
हो सर. सात तास. नाही सर.

काका, हा डोळ्याचा झटका.
रक्ताची गुठळी अडकलीय, केसाएवढ्या नळीत.
विरघळवायचं इंजेक्शन असतं,
पण साडेचार तासांच्या आत. तेव्हाही खात्री नसते.
आता दिलं तर डोळा येणार नाही,
मेंदूत रक्त मात्र येऊ शकतं.
म्हटलं, द्या तरी.
ती नाही म्हणाली, आणि माझा हात धरून बसली,
बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असताना.

पडदा पांढरा पडलाय, मध्ये लाल ठिपका, असं तिनं लिहिलं.
पांढरं थान, मधोमध कुंकवाचा डाग.
असला माल मी परत पाठवतो.

नाक्यावर भेटणारे समजावतात,
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.
मेंदूलाच लागलं असतं तर?
बरोबर आहे त्यांचं.
माझी वेळ मात्र आली होती.
साडेचार तास दारात उभी होती बिचारी,
आणि मी आत पट्टी ठेवून घोरत होतो.

आता मानेची सोनोग्राफी झाली, गोळ्या चालू आहेत.
गोदामात बोटांवर निभावतं.
हेमलता चहाचा कप उजवीकडे ठेवते, न बोलता.
गुलाबपाण्याची बाटली तिनं टाकून दिली नाही.
फडताळात डाव्या कोपऱ्यात सारून ठेवलीय,
मला दिसणार नाही अशा बेतानं.

मी मान वळवतो. दिसते.
अर्धी भरलेली आहे अजून.