कुंदाचा अर्ज

डीसी ऑफिसच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली माझं टेबल.
एकतीस वर्षं मराठीत विचारतो आणि कन्नडात लिहितो:
जात, उत्पन्न, रहिवास, उताऱ्याची नक्कल.
सापाचा अर्ज पहिल्यांदाच आला.

मुतगेकरांची अन्विता, उद्यमबागेत एका कारखान्याचे हिशेब बघते.
खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत उशीचा अभ्रा,
अभ्र्यात तो.
"चावत नाही काका. घाबरला की चेंडू होतो."
झालाच. डोकं आत, बेळगाव बाहेर.
रंग कढईच्या तळाला लागलेल्या कुंद्याचा,
मधे मधे साय.
म्हणून नाव कुंदा.

जन्म कोल्हापुरात, काचेच्या पेटीत, बल्बच्या उबेवर.
आईबाप आफ्रिकेचे,
तेही विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून.
निपाणीमार्गे लाल डब्यातून आला, तिच्या मांडीवर,
कंडक्टरनं अर्धं तिकीटसुद्धा विचारलं नाही.

मी चष्मा पुसला, लिहायला बसलो.
प्राण्याचं नाव. लांबी. ओळखीची खूण.
सध्याचं राज्य.
आधीच्या राज्याची हरकत नसल्याचा दाखला.

इथं पेन थांबलं.
छप्पन साली माझा बाप एका राज्यात झोपला
आणि दुसऱ्यात उठला, त्याच खाटेवर.
त्याला कोणी दाखला मागितला नाही.
हरकत होती,
तिच्यासाठी रकाना नव्हता.

"काका, काय झालं?"
काही नाही गं. शाई.

वनखात्याच्या कचेरीत ईरण्णा हुद्दार
खुर्चीसकट मागे सरकला. "हेब्बावु?"
इल्ला साहेब, परदेशी.
तसा पुढे आला, चहा मागवला,
आणि मोडक्या मराठीत आम्हाला समजावू लागला:
खानापूरच्या रानातला अजगर घरात, तर जेल.
येळ्ळूरच्या शिवारातली धामण, तीही नाही.
चांदण्यांचं कासव लक्ष्मी म्हणून ठेवलं कुणी,
तर लक्ष्मीसकट उचलतो आम्ही.
हा बाहेरचा. ह्याला फॉर्म आहे.
"आपलं असेल तर पाळायचं नाही," तो म्हणाला,
आणि स्वतःच जरा गप्प झाला.
मग बोटानं दाखवलं, इल्ली सही माडी.
अन्वितानं मराठीत सही केली.
त्यानं बघितलं. शिक्का मारला.

चार महिन्यांनी ती परत आली, पेढे घेऊन.
शिनोळीला नोकरी, चार हजार जास्त,
खोली पण मिळतेय.
कुंदाला न्यायचं तर काय काय लागेल?
मी यादी केली: इथं कळवणं, तिथं कळवणं,
नवा पत्ता, नवा फोटो, तिकडच्या साहेबाची वेळ.
आणि माझं? तिनं विचारलं.
तुझं काय? तू बसमध्ये बस आणि जा.

ती हसली नाही.
चिंचेचं एक बोटूक उचललं, सोललं, तसंच ठेवलं.
"मग मी जाऊन येऊन करीन. पंधरा किलोमीटर तर आहे.
त्याला रात्री ऊब लागते."

जाताना टेबलावर एक प्लास्टिकचं पाकीट ठेवून गेली.
आत कात. अख्खी, डोळ्यांच्या टोप्यांसकट,
कोऱ्या स्टँपपेपरापेक्षा हलकी.
पट्टीनं मोजली, तीन फूट दोन इंच.
अर्जात दोन फूट नऊ लिहिलंय मी.

रविवारी शिनोळीला बहिणीकडे गेलो,
कात शर्टाच्या खिशात घडी करून, भाचीला दाखवायला.
नाक्यावर बस थांबली. दोन पोलीस चढले,
पिशव्या हुंगल्या, बाटल्या शोधल्या.
माझ्या खिशावर हात ठेवून एकानं विचारलं, काय आहे?
कागद, म्हटलं.