तीन ओळींची जागा

भोपाळहून प्रपत्र आलंय.
प्राचार्यांच्या खोलीतून रामसनेही प्रिंट घेऊन आला,
आधी माठाकडे गेला, मग माझ्याकडे.
लश्करात मे महिन्याचे दोन वाजलेत.
‘आपल्या प्रशिक्षणाच्या गरजा लिहा.’
खाली तीन ओळी, त्याही आखूड.

सव्वीस वर्षं झाली मला इथे.
८९१.४६ म्हणजे मराठी, झोपेतही सांगेन.
त्या फळीशी आता फक्त निवृत्त फाळके सर येतात,
तेही तिथला पंखा चालतो म्हणून.

मागचं प्रशिक्षण दोन हजार नऊचं.
गटाचा फोटो, प्लास्टिकच्या फाइलीत प्रमाणपत्र.
तिसऱ्या दिवशी प्रोजेक्टरचा दिवा गेला.
वक्ते म्हणाले, समजा, पडद्यावर असं असं दिसतंय.
आम्ही समजलो.
तेव्हापासून सगळं समजूनच चाललंय.

मंगळवारी एम.एस्सी.ची तरन्नुम आली.
मीच शोधून दिलेला लेख,
स्टेपल केलेला, कोपऱ्यात माझ्या अक्षरात तारीख,
टेबलावर ठेवला.
‘मॅडम, ये पेपर तो वापस ले लिया गया है.’
आकडे खोटे निघाले होते.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेखही मागे घेतात?
मी आजवर फक्त पुस्तकं परत घेतली,
उशीर झाला तर दिवसाला एक रुपया.
त्या आकड्यांवर तिचे चार महिने उभे होते.
दंड किती होतो?
आणि भरायचा कोणी?

प्राचार्य म्हणतात, डेटाबेस लिहा, एआय लिहा,
सगळे तेच लिहितात.
आणि पाच दिवस गेलात तर किल्ली कोणाकडे?

पहिल्या ओळीत लिहिलं:
मागे घेतलेला लेख कसा ओळखावा.
दुसरीत: हे कोणाकोणाला आधीपासून माहीत होतं
आणि मला का
एवढ्यात ओळ संपली. खोडली.

तरन्नुम वाचनकक्षात बसलीये,
किल्ल्याकडच्या खिडकीपाशी, कूलरची हवा पोचत नाही तिथे.
शेजारची खुर्ची ओढली तशी दचकली.
इतक्या वर्षांत मी कुणा विद्यार्थ्याच्या
बाजूला बसले नव्हते,
कायम काउंटरच्या पलीकडून.

‘कुठे बघायचं ते दाखव,’ म्हटलं,
‘हळू. मी लिहून घेते.’
जवळ दुसरा कागद नव्हता.
प्रपत्र उलटं केलं.