माशी

आमच्यात तिला माशी म्हणतात.
नळीच्या टोकावर, अगदी नाकाच्या शेंड्यावर बसते,
आणि जन्मभर तिथंच. उडत नाही.
ही जरा कलली होती उजवीकडे.
केसाएवढी? केसाहून थोडी जास्त,
मिठाच्या खड्याहून कमी.

घेऊन आले ते सबइन्स्पेक्टर तळपदे, डोंगरीहून.
निवृत्तीला चौदा महिने.
स्वतःच्या नाकावर कधी माशी बसू न दिलेला माणूस.
रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून म्हणाले,
"हत्यार ठीक आहे, बाई. माझाच हात गेलाय."
आणि तो हात खिशात घातला.

मी सहाही घरं रिकामी आहेत का पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.
"पडलं होतं का?"
"नाही."
नायगावच्या या खोलीत नऊ वर्षं झाली मला,
इथं आलेलं एकही हत्यार कधी पडलेलं नसतं.

त्यांनी घडी घातलेला कागद काढला. मागच्या फेब्रुवारीचा सराव.
मधलं काळं वर्तुळ कोरं,
आणि डावीकडे चार बोटांवर सहा भोकं,
दहाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ.
साहेब, थरथरणारा हात असा एकाच जागी चुकत नाही,
हे मी म्हटलं नाही. कागद पुन्हा घडी करून दिला.

वाईसच्या जबड्यांना शिशाचे पत्रे.
माशीला पितळेचा तुकडा, मध्ये चामडं.
हातोडी वरच्या फळीवर, हाताला येणार नाही अशी,
पेडणेकर हवालदारांची शिकवण.
ते म्हणायचे, गोळी डावीकडे जाते ना,
मग माशीही डावीकडेच ने.
नव्या पोरांना पटत नाही, ती उलट वळवतात.
चूक जिकडे पळते, तिकडे एक पाऊल तिच्यामागं जायचं,
मग ती गुपचूप परत येते.

समोर चाळ पाडतायत. ब्रेकर चालू झाला की टेबल हलतं,
ट्यूबलाइटवरची धूळ उतरते.
तो थांबला की मी दाब देते.
तो सुरू झाला की हात काढून घेते.
थोडं जास्तच वाकवावं लागतं,
सोडलं की लोखंड आपल्या जुन्या जागेची आठवण काढत
जरासं मागं येतं.
दाब. थांब. डोळा लावून बघ.
घाईनं तुटली की संपलं, इथं दुसरी माशी बसत नाही.
तिसऱ्यांदा ती उभी राहिली,
शाळेत नाव पुकारल्यावर उभ्या राहणाऱ्या पोरीसारखी.

दुपारी मैदानामागच्या रेंजवर त्यांनी सहा झाडल्या.
सगळ्या उजवीकडे.
चार बोटं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे.
मग कळलं.
अकरा महिने हा माणूस घरी, बंद दाराआड,
रिकाम्या रिव्हॉल्व्हरनं कॅलेंडरवरच्या तारखांवर
उजवीकडे, थोडं उजवीकडे, असं शिकत होता.
हत्यार सरळ झालं. नेम वाकडाच राहिला.
त्याला लावायला माझ्याकडे शिशाचे पत्रे नाहीत.

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, प्यायले नाहीत.
"चौकीच्या गच्चीवर," ते म्हणाले.
"संक्रांतीनंतर. मांज्यात घार अडकली होती.
वाकलो, तर हे निसटून कठड्यावर आपटलं.
कुणाला सांगणार? पोरं हसली असती."
"घारीचं काय झालं?"
"बोट फोडलं माझं. आणि गेली."
खिशातला हात बाहेर आला.
तर्जनीवर एक पांढरी रेघ.
हात स्थिर होता, बशीतला चहासुद्धा हलला नाही.

सहा गोळ्या आणखी मागवल्या. सही माझी.
रजिस्टरात लिहिलं,
पुढची माशी सरळ केली. सुटे भाग, निरंक.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
मैदानावरून एक आवाज आला, मग दुसरा,
मी पेन तसंच धरून
पुढचा मोजत बसले.