खऱ्याखोट्याचा रकाना

मात्सुए, फेब्रुवारी. प्रांत कचेरीचा तिसरा मजला.
बाहेर भिजका बर्फ, आत रॉकेलचा हीटर, वर किटली,
आणि बाकावर ओळीनं माणसं,
मांडीवर लांबट गाठोडी घेऊन,
निजलेली पोरं दवाखान्यात आणावीत तशी.

क्रमांक सात. नोत्सु हिसाए, वय एकसष्ट.
सासऱ्यांच्या पश्चात माळ्यावर सापडली म्हणाल्या,
हिवाळी गाद्यांच्या खाली.
जुन्या पडद्यात गुंडाळलेली, वर नायलॉनची दोरी.
पोलिसांचा कागद पुढं केला, दोन्ही हातांनी.

मी बांबूची खुंटी काढली.
डाव्या हातात मूठ उभी,
उजव्या हाताचा ठोसा डाव्या मनगटावर, एक, दोन,
तिसऱ्याला पोलाद कुरकुरलं आणि सुटलं.
त्या दचकल्या. सगळेच दचकतात.

"घासून आणणार होते," म्हणाल्या,
"गंज बघून लाज वाटली."
बाई, आळस केलात हे नशीब.
पात्यावरचा गंज हा रोग,
पण मुठीत दडलेल्या शेपटाचा गंज म्हणजे वय.
गेल्या महिन्यात एकानं तारेच्या ब्रशनं
चारशे वर्षं अर्ध्या तासात खरवडली,
चकचकीत करून आणली, हसत.
मला उठून चहा घ्यावा लागला.

दिव्याकडे तिरकी धरली.
धारेलगत पांढुरकी रेघ,
दुधावर साय धरताना कडेची थरथर जशी गोठते.
मध्येच दाणे, बारीक रव्याचे.
इथल्याच नदीची काळी वाळू, इथलाच हात,
घाई नसलेला.
मी थोडा जास्त वेळ धरून ठेवली. गरज नव्हती.

मग नाव. पाच अक्षरं, खोल, ऐटदार.
ते मी इथं घेत नाही,
महिन्यातून तीनदा तरी ते या टेबलावर येतं.
एवढ्या तलवारी घडवायला त्या लोहाराला
तीन जन्म आणि सहा हात लागले असते.
भिंग लावलं.
अक्षरांच्या पोटातला गंज तांबूस, कोवळा,
भोवतीचा काळपट, भाजलेल्या चेस्टनटच्या सालीचा.
म्हणजे तलवार आधी, नाव शंभरेक वर्षांनी.
छिन्नी भीत भीत चाललेली,
तिसऱ्या अक्षरात घसरलेली.
कुणाला तरी विकायची असेल, चार नाणी जास्त घेऊन.
मुलीचं लग्न असेल, किंवा नुसती हाव.
भिंगातून ते दिसत नाही.

सांगायची माझी एक पद्धत आहे:
आधी पोलाद चांगलं म्हणायचं, मग नाव खोटं.
उलट सांगितलं की पोलाद कुणी ऐकत नाही.

"खोडता येतं," मी म्हणालो.
"ओकायामाला एक जण आहेत, हात हलका आहे.
नाव गेलं की मंडळ चांगला दाखला देईल.
बेनाम चालते त्यांना, खोटारडी चालत नाही."

किटली उकळून गप्प झाली तरी त्या बोलेनात.
मग म्हणाल्या,
"मामंजी आमच्या घरात आले ते चोविसाव्या वर्षी.
घरजावई. नोत्सु हे नाव त्यांचं नव्हतंच.
लग्नादिवशी चढवलं, खांद्यात सैल व्हायचं म्हणायचे.
बाईला याची सवय असते, त्यांना नव्हती.
साठ वर्षं पहाटे तीनला उठून
त्या नावाच्या पाटीखाली टोफू केला.
थडग्यावर तेच कोरलंय.
मूळचं काय होतं,
मी कधी विचारलं नाही."

आणि पडद्याची घडी घालत,
"राहू दे ते."

मी अर्ज ओढला.
लांबी सदुसष्ट पूर्णांक आठ. बाक दीड. भोक एक.
कोरलेली अक्षरं: दिसतात तशी लिहावीत.
खऱ्याखोट्याचा रकाना या अर्जात नाही.
बत्तीस वर्षं मला ही चूक वाटत आली,
वरती दोनदा पत्रंही लिहिली.

पाचही अक्षरं उतरवली,
तिसऱ्यातला तो घसरलेला फराटासुद्धा.
शिक्का मारला.

क्रमांक आठ उठला.
हसत होता.
मी किटलीकडे पाहिलं.