कोरा चौकोन

पहाटे तीन-सतरा. वाल्दिव्हियात
रायेनच्या पडद्यावर एक शब्द उसळतो: हललं.
मग चाळीसदा, मग नऊ हजार.
कुणाची शिवी, कुणाचा देवाचा धावा,
कुणी शेपटी फुगलेल्या मांजराचा फोटो टाकलाय.
यंत्र सगळं पाखडतं,
नकाशावर लाल ठिपके पेरत जातं.

अर्तेमियो म्हणतो, जिथं लाल, तिथं मदत.

ती बोट ठेवते
खाडीलगतच्या कोऱ्या चौकोनावर.
तिथली माणसं एरवी
बटाटे उकडले तरी जगाला सांगतात.

"तिथं काहीच नाही, रायेन."
"तेच तर."

होड्या आधी तिकडे गेल्या.

नऊ वाजता त्या चौकोनातून पहिला संदेश:
नुसताच एक पूर्णविराम,
बहुतेक
ओल्या अंगठ्याचा.