वीज काढू नका

आलेक्सोटासच्या जुन्या बाजारात चार युरोला मिळाला.
दोन अँटेना, त्यातली एक मोडकी,
पाठीवर कुण्या पोरीने चिकटवलेला जांभळा घोडा.
कंपनीने केव्हाच हात वर केले होते:
या मॉडेलला यापुढे नवं काही मिळणार नाही.
दांगुओले म्हणाली, मलाही मिळत नाही,
म्हणून मी काय बंद पडलेय?

ती पाचव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या.
टीव्हीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तिने सोल्डरिंग केलं.
कारखाना गेला, देश बदलला,
नोटांवरचे चेहरे दोनदा बदलले,
सोल्डरगन तीच, मुठीला कापड गुंडाळलेली.
मी तेरा वर्षांचा. माझं काम टॉर्च धरणं
आणि पडद्यावरचं इंग्रजी वाचून सांगणं.

आधी जुनी मांडणी उघडली.
आत एक यादी होती:
रूताचा-फोन. बाबा-लॅपटॉप. स्वयंपाकघर.
रूताचा-जुना-फोन.
कुणीतरी प्रत्येकाला एकेक क्रमांक
कायमचा नेमून दिला होता,
जेवणाच्या टेबलावरच्या जागा असाव्यात तसा.
मी म्हटलं, पुसू?
थांब, म्हणाली.
मोठ्याने वाचली यादी, हजेरी घ्यावी तशी.
कुणी ओ दिली नाही.
पूस, म्हणाली मग.

नवी प्रणाली ज्यांनी लिहिली
त्यांना आम्ही कधी पाहणार नव्हतो.
सोबतच्या टिपणात एकाने लिहिलेलं:
माझ्या राउटरवर चाललं.
माझ्याकडे एवढा एकच आहे, म्हणून जपून.

आम्हीही जपूनच केलं,
तरी अर्ध्यात सगळे दिवे गेले.
याला म्हणतात वीट होणं.
हातात घेतला तर खरंच विटेसारखा,
गार, मुका, आणि चूक माझी:
फाइल शेजारच्या मॉडेलची उतरवली होती.
ती काही बोलली नाही.
लिंडनच्या फुलांचा चहा ओतला, दोघांना,
आणि रबरी पायांखाली लपलेले स्क्रू काढायला बसली.

पाटीवर चार भोकं, ओळीने.
तीन तारा जोडल्या, चौथ्याला हात लावला नाही.
पडद्यावर चिन्हांचा चिखल.
मेलाय, मी म्हटलं.
मेला असता तर गप्प असता.
तो भराभर बोलतोय, आपण सावकाश ऐकतोय.
वेग बदल.
एक लाख पंधरा हजार दोनशे.
आणि चिखलातून अक्षरं वर आली,
साधी, सरळ, एकाखाली एक.
तो केव्हाचा विचारत होता,
काय करू?

या वेळी फाइलचं नाव तिने तीनदा वाचायला लावलं.
मग पडद्यावर एवढंच: वीज काढू नका.
जिन्यातली तार जुनी, सगळ्या मजल्यांची मिळून एक.
मी मोज्यांवरच खाली पळालो,
आईला सांगितलं, वॉशिंग मशीन लावू नकोस,
किटलीसुद्धा नको.
अर्ध्या रात्री कपडे कोण धुतं, ती म्हणाली,
आणि तू अजून जागा कसा?

वर आलो तेव्हा दांगुओले
दिव्याकडे पाहत होती, हात मांडीत,
जणू हात लांब ठेवण्याचंच काम तिला दिलेलं.
लुकलुक. लुकलुक. लांबलेली एक लुकलुक.
मग स्थिर, हिरवा.

नाव काय द्यायचं?
तिने एका बोटाने लिहिलं: पाचवा मजला.
पासवर्ड लांबलचक, मला सांगितला नाही.
मग त्याच डब्यात दुसरं जाळं काढलं,
अरुंद, हळू, बिनकुलपाचं.
हे कुणासाठी?
खिडकीकडे तिने नुसती मान केली.

खाली थांब्यावर बर्फात एक जण,
पहाटेच्या पहिल्या ट्रॉलीबसची वाट पाहणारा.
थोड्या वेळाने त्याचा चेहरा
खालून उजळला.
यादीत एक ओळ आली, नाव नसलेली.
क्रमांक एकशे सात.

बसला, म्हणाली ती,
आणि झाकण लावलं.
एक स्क्रू उरला होता.
तो कुठला, ते अजून कळलेलं नाही.