कडं

डेब्रेत्सेन. ऑक्टोबर. पहाटेचे चार.
सीरमची कुपी सदतीस अंशांवर
सहा दिवस ठेवून आहे,
जणू कुणाच्या तरी अंगाची तालीम.
आज पट्टी काढायची.
निसटलेलं ल्युटेशियम एका टोकाला,
धरून ठेवलेलं दुसऱ्या.
मधे कोरा कागद.

नवी पोरं येतात त्यांना मी सांगते,
घट्ट धरणं वेगळं, धरून राहणं वेगळं.
काही संयुगं आकड्यांत अभेद्य असतात
आणि रक्तात एखादं भुकेलं प्रथिन भेटलं
की मूठ उघडून मोकळी होतात.
आपल्याला हवं ते हट्टी, मंद कडं:
बारा अणूंचं, त्यातले चार नायट्रोजन,
बाहेर चार हात.
मिटायलाच त्याला पंचाण्णव अंशांवर अर्धा तास लागतो.
उघडायला किती लागावा,
ते पेशंट कोण आहे त्यावर.

वडील, आंब्रुश,
होर्तोबाजच्या माळावर चाळीस वर्षं
क्रौंचांच्या पायात कडी घालत आले.
अंगठ्यानं फिरवून बघायचे:
फिरलं पाहिजे, निघता कामा नये.
एकदा तळ्याच्या गाळात नुसतंच कडं सापडलं.
ते स्वयंपाकघरात, दिव्याखाली ठेवून
रात्रभर त्याचा नंबर वाचत बसले.
पक्षी मेला की सुटला,
हे कड्यावर कोरलेलं नसतं.

गुरुवारी त्यांच्या शिरेत हेच जायचंय.
ही कुपी नव्हे. पण हेच कडं.
"निघालं तर?"
"हाडात जातं," मी म्हणाले. "मज्जा जाळतं."
त्यांनी मान हलवली,
सुपात अजून थोडी पाप्रिका मागितली.

चिल्ला पट्टी मोजते.
अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात.
चांगलं आहे. छापण्याजोगं आहे.
उरलेलं एक पूर्णांक तीन
कुठल्या कुठल्या हाडात, हे मी
मोजायला घेते, आणि थांबते.

एक मात्र त्यांना सांगितलं नाही.
किरण फेकून झाल्यावर
ल्युटेशियम ल्युटेशियम राहत नाही.
हाफ्नियम होतं, तिथल्या तिथं,
कड्याच्या आतच.
मग ते कडं त्याला ओळखतं का,
ही चाचणी आम्ही घेतलेली नाही.

खिडकीबाहेर, उंचावरून, ओरडा.
माळावरून उठून दक्षिणेला निघालेत.
मी दिवा मालवून बघते. काहीच दिसत नाही.
नुसत्या आवाजावरून किती आहेत
हे आंब्रुशना सांगता आलं असतं.